पायोनियर एसएक्स-७८०: नऊ महिने वापरल्यावर

जुना रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात) घ्यावा का असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझ्याकडे पायोनियरचा एसएक्स-७८० आहे, १९७८ च्या सुमाराचं मॉडेल, चॅनेलला ४५ वॅट. अमेरिकेतून परत आलेल्या एका कुटुंबाकडून २८ हजारांना घेतला. त्यावर दुरुस्तीला साडेनऊ हजार आणि स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर वेगळा, कारण हा पीस १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर थेट लावला तर गेलाच म्हणून समजा.

घरी आणला तेव्हा आवाज येत होता पण डावा चॅनेल मधेच जायचा, व्हॉल्यूम फिरवला की खरखर आणि डायलचे दिवे गेलेले. पहिल्या मेकॅनिकने एसटीके आयसी (आवाजाची ताकद वाढवणारी मुख्य चिप) गेली म्हणून सांगितलं आणि पैसे घेऊन बदलायला निघाला होता, मी थांबवलं ते बरं झालं, कारण या आयसीच्या नावाखाली बाजारात नकली माल भरपूर आहे आणि आमची तर गेलीच नव्हती. दुसरे मेकॅनिक काका जुने, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने त्यांचा नंबर दिला. त्यांनी आधी सिरीज बल्बवर (शॉर्ट असला तर जास्त करंट जाऊ नये म्हणून मधे बल्ब जोडून) चालू केला, मग स्पीकरच्या टर्मिनलला डीसी (तो तिथे येता कामा नये) किती येतो ते मोजलं, आणि दोष निघाला प्रोटेक्शन रिलेच्या, म्हणजे बिघाड झाला तर स्पीकर तोडणाऱ्या स्विचच्या, काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये! रिले नवीन टाकला, कंट्रोल साफ केले, पॉवर सप्लायचे वाळलेले कपॅसिटर बदलले. तेव्हापासून एकदाही उघडावा लागलेला नाही.

आवाजाबद्दल बोलायचं तर लोक 'वॉर्म साऊंड' म्हणतात ते मला तितकंसं पटत नाही, कपॅसिटर बदलल्यावर आवाज उलट जास्त स्वच्छ झाला. मला खरी आवडली ती फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा बारीक सिग्नल वाढवणारा आतलाच भाग. बाबांच्या नाट्यसंगीताच्या एलपी वेगळा प्रीअँप न घेता थेट लागतात आणि रात्री हळू आवाजात लाऊडनेसचं (खर्ज वाढवणारं) बटण दाबलं की तबल्याचा डग्गा नीट ऐकू येतो, नाहीतर तो हरवतोच. आई सकाळी रेडिओ लावते, तो मोठा जड ट्यूनिंगचा नॉब फिरवायला तिला फार आवडतं. एफएमवर उंच स्वर जरा दबलेले वाटतात, कारण अमेरिकन ट्यूनरचं डीएम्फसिस (स्टेशनने वाढवून पाठवलेले उंच स्वर परत कमी करण्याचं प्रमाण) ७५ मायक्रोसेकंदाचं आणि आपल्याकडे ५० चं. काका म्हणाले दोन कपॅसिटरचं काम आहे, अजून केलेलं नाही.

रिमोट नाही, ब्लूटूथ नाही, टीव्हीसाठी बाहेरून डॅक (टीव्हीचा डिजिटल आवाज साध्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) घेऊन ऑक्स या जादा इनपुटमध्ये घातलाय. नुसती गाणी मोबाईलवरून ऐकायची असतील तर एवढ्या पैशात नवीन अँप वॉरंटीसकट येतो, तोच घ्या. पण घरात एलपी असतील आणि गावात असा एखादा मेकॅनिक असेल तर जरूर घ्या, फक्त घ्यायच्या आधी अर्धा तास चालू ठेवून दोन्ही चॅनेल अगदी हळू आवाजात ऐका, रिलेचा दोष तिथेच कळतो, मोठ्या आवाजात लपतो. आणि सर्व्हिसिंगचे दहा हजार आधीच किमतीत धरा.