खिळे-दोऱ्याच्या स्ट्रिंग आर्ट किटमध्ये दोरा उत्तम, फळी कच्ची

शाळकरी मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या स्ट्रिंग आर्टच्या या किटमध्ये २५ बाय २५ सेंमीची एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली) फळी, २० मिमीचे खिळे, भरतकामाच्या दोऱ्याच्या तीन लड्या आणि छापील नक्षीचे कागद मिळतात. नक्षी छान आहेत, दोराही पक्क्या रंगाचा आहे. घोडं अडतं ते फळीपाशी.

फळी फक्त ६ मिमी जाडीची आहे. खिळा पाच मिमीपेक्षा खोल ठोकला की टोक मागून बाहेर येतं, आणि तेवढ्यावर तो घट्ट बसत नाही. दोऱ्याचा ओढा कायम आतल्या बाजूला असतो. विणकाम अर्ध्यावर येईतो खिळे आत झुकतात आणि सुरुवातीला ताणलेले धागे लोंबू लागतात. मुलाला वाटतं आपली गाठ सुटली. गाठीचा काही दोष नसतो. १२ मिमीची फळी कापून आणा, खिळा ८ मिमी आत ठोका, १२ मिमी वर ठेवा. हा एवढा बदल केला तरच किट घेण्यात अर्थ आहे.

सूचनापत्रात नक्षीच्या कागदावरूनच खिळे ठोकायला सांगितलं आहे. तसं केलं तर कागद फाडताना प्रत्येक खिळ्याच्या बुडाशी चिटोरा अडकून बसतो. त्यापेक्षा टोच्याने कागदातून फळीवर खुणा करा, कागद उचला, मग ठोका. खिळा बोटांत न धरता पक्कडीत धरला की अंगठा वाचतो.

सगळ्यात सरस नक्षी ३६ खिळ्यांच्या वर्तुळाची. व्यास २० सेंमी, म्हणजे दोन खिळ्यांत साधारण पावणेदोन सेंमी अंतर. खिळ्यांना १ ते ३६ क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक क्रमांक त्याच्या दुपटीला जोडायचा: १ला २, २ला ४, ३ला ६. दुप्पट ३६च्या वर गेली की ३६ वजा करायचे, म्हणून १९ पुन्हा २ला जातो. सगळ्या रेषा सरळच असतात, तरी मधे हृदयाच्या आकाराचा वक्र उमटतो. तिपटीने जोडलं तर दोन खोबणींचा वेगळाच वक्र येतो. पाढे कंटाळवाणे वाटणाऱ्या मुलांपुढे हे जरूर ठेवावं.

दोरा न तोडता करायचं असेल तर १वरून २, तिथून कडेने ४, मग ४वरून २, कडेने ३, मग ६, असं जायचं. प्रत्येक खिळ्याला एक पूर्ण वेढा हवा. नुसता वळसा घातला तर ताण टिकत नाही. सहाएक मीटर दोरा लागतो, आठ मीटरच्या लडीत आरामात भागतं. शेवटच्या गाठीवर फेविकॉलचा एक थेंब टाकून रात्रभर वाळू द्या, मगच टोक कापा.

भिंतीवर लावायला किटसोबत येणारी दुहेरी चिकटपट्टी वापरू नका. १२ मिमीची फळी अर्ध्या किलोच्या वर जाते. मागे हूक ठोकून ती भिंतीतल्या खिळ्यालाच टांगावी.