1968 चा तंबोरा आणि माझे 1,34,500 रुपये

जुन्या तंबोऱ्यांची जोडी फोनवरून घेताना मी फसलो. आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे "असे किती गेले असतील" विचारणाऱ्यांची सोय होईल. टोकन 21,000. जोडी पॅक करायच्या आधी 79,000. ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आल्यावर 28,000. लाकडी पेटीचे वेगळे 6,500. एकूण 1,34,500 रुपये, सगळे पेन्शनीतून बाजूला टाकलेले. घरात हिला आजवर एक लाखच ठाऊक होते. आता उरलेलेही कळतील.

गाण्यातली माणसं लगेच म्हणतील, न बघता, न वाजवता तंबोरे घेतलेच कसे? घेतले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते, मी नाशकात, जोडी बेळगावात, आणि तिसऱ्या दिवशी हैदराबादचा कुणी डॉक्टर येऊन घेऊन जाणार होता. असा डॉक्टर नेहमीच येणार असतो, हे मलाही माहीत आहे. दुसऱ्याला सांगताना तर फारच चांगलं माहीत असतं.

पण जोडी कुणाच्या हातची म्हणून सांगितली होती, ते लक्षात घ्या. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षांपासून तंतुवाद्यं होतात. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊबंद मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. त्यांचे हात वाद्यांकडे वळले आणि पुढे त्या गावातून घराघरांत कारागीर निघाले. त्यांच्यातल्याच एका कारागिराची ही जोडी. ते जाऊन आता तीस वर्षं होत आली. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या नावाला या भानगडीचा डाग नको. आमच्या बुवांकडे त्यांच्याच हातची जोडी होती. त्या दोन तंबोऱ्यांच्या मधे बसून मी गाणं शिकलो. बुवा गेले तेव्हा माझी बदली धुळ्याला होती; जोडी मुलांनी विकून टाकल्याचं दोन महिन्यांनी कळलं. तेव्हापासून अकरा वर्षं शोधतोय. त्या हातचे तंबोरे बाजारात येत नाहीत, ज्यांच्याकडे आहेत ते देत नाहीत.

विकणाऱ्याला हे कसं कळलं? मीच सांगितलं. पहिल्याच फोनवर वीस मिनिटं. तो ऐकून घेत होता, "हो काका, हो काका" करत होता. शेवटी म्हणाला, "काका, पैशाचं काही नाही हो, मामांची जोडी योग्य हातात जावी एवढंच." मामा म्हणजे म्हणे बेळगावचे कुणी गायनमास्तर. 1,45,000 वरून 1,28,000 वर तो आला, तर मलाच वाईट वाटलं, की बिचाऱ्याला पाडून मागितलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून जुन्या वाद्यांना भलते भाव आलेत, हेही त्यानेच ऐकवलं. जीआय मिळालं हे खरं आहे. अशी माणसं खोटं कमी बोलतात. नव्वद टक्के खरंच सांगतात, त्याच्या आड उरलेलं खपतं.

आता खरी लाज.

त्याने फोटो पाठवले होते सतरा. त्यातल्या एकात दांडीवरची नावाची पट्टी. मी तो फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला. कारागिराचं नाव, खाली पेठ, खाली "मिरज 416410". हिला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं. जोडी 1968 सालची, मामांनी नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून घेतलेली, हे त्याने तोपर्यंत चारदा सांगून झालं होतं.

मी 31 वर्षं टपाल खात्यात काढली. त्यातली नऊ सॉर्टिंगला. आपल्या देशात पिनकोड आले 15 ऑगस्ट 1972 ला. 1968 साली केलेल्या तंबोऱ्याच्या पट्टीवर सहा आकडी पिन छापलेला मी डोळ्यांनी बघतो, तोंडाने वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला 79,000 पाठवतो! झोपेत विचारलं असतं तरी ती तारीख सांगितली असती. त्या रात्री मात्र मला त्या पट्टीत फक्त बुवांची खोली दिसत होती.

आवाजाचंही तसंच. त्याने दोन मिनिटांची क्लिप धाडली होती. माणसाच्या हाताने तंबोरा छेडला की फेऱ्यात कुठेतरी बोट किंचित रेंगाळतं, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, जरा जड पडतो. इथे प्रत्येक फेरा मापून कापलेला. मोबाइलमधला तंबोरा होता तो. ज्याच्यावर मी रोज सकाळी रियाज करतो, तोच. पुढच्याने कान उघडे ठेवावेत म्हणून म्हणतो: क्लिप मागूच नका. व्हिडिओ कॉल लावा, त्याला पंचमाची तार उतरवून मध्यमात लावायला सांगा. ज्याच्या घरात तंबोरा आहे त्याच्या घरात खुंटी पिळता येणारं कुणीतरी सापडतंच.

पेटी आली, उघडली. मलमलच्या फडक्याने पट्टी पुसताना बोट त्या 4 वर थांबलं. मग मी पलंगावर बसून राहिलो.

तरी मनाची समजूत काढली, की दुरुस्तीत पट्ट्या बदलतात. भाच्याच्या गाडीत घालून जोडी मिरजेला नेली, त्याच कारागिराच्या घरच्यांकडे. त्यांनी तार छेडायच्या आधी स्पिरिटचा बोळा भोपळ्याच्या मागच्या अंगाला फिरवला. जुनं काम असतं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश स्पिरिटने सुटून बोळ्याला चिकटलं असतं. बोळा कोरडाच्या कोरडा. दांडीवरची झीज दोन्ही बाजूंना सारखी. वाजवणाऱ्याचा हात तर एकाच बाजूने येतो. ती झीज पॉलिश पेपरची. मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा ओढून माझ्या नाकापुढे धरली. शिंग घासलं की केस जळल्यासारखा वास येतो. या घोडीला प्लास्टिकचा येत होता. "काम वाईट नाही, शिकाऊ मुलांना चालेल. दोन्ही मिळून पस्तीस हजार," ते म्हणाले. मी होतो म्हणून वरचे पाच जास्त सांगितले असावेत.

आता आमच्या पोलीस ठाण्याची कथा. पहिला प्रश्न: "माल मिळाला ना?" मिळाला. "मग फसवणूक कसली? दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा." दुसऱ्या खेपेला: बेळगावला जा. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येतो, हे मी कागद काढून दाखवलं, तर साहेब जेवायला गेले. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. त्यात लिहिलं, "सतार, नग 2". म्हटलं, तंबोरा आहे. "तेच ते." नुसता अर्ज, पोच नाही. चौथ्या खेपेला एकाने विक्रेत्याचे मेसेज नीट वाचले. मला बरं वाटलं. वाचून म्हणाला, "यात सांबरशिंगाची घोडी लिहिलंय. परवाना आहे का तुमच्याकडे? वन्यजीव कायदा माहितीये ना?" म्हणजे घोडी खरी निघाली असती तर मी आत, खोटी निघाली म्हणून दिवाणी! बँकेचं वेगळंच. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी स्वतः टाकलात, आमचा संबंध नाही. शिवाय तक्रारीत सतार आहे आणि तुम्ही तंबोरा म्हणताय. मॅनेजर बाईंनी हे हसत सांगितलं. बत्तीस वर्षांचं खातं आहे माझं तिथे.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी फोन केला तो शेवटचे पैसे गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी. तोवर ज्या खात्यात पैसे गेले त्यात 212 रुपये उरले होते. तुम्ही पहिल्या तासात करा, लाज वाटली तरी करा, लाजेतच माझे अठरा दिवस गेले. आणि खातं ज्याच्याशी बोलताय त्याच्या नावावर नसेल तर तिथेच थांबा. माझे पैसे कुणा बाईच्या खात्यात गेले, "ती माझी वहिनी" म्हणाला, मी वहिनींना नमस्कार सांगा म्हटलं.

एक गोष्ट राहिली. पट्टी पुसली त्याच संध्याकाळी मी त्याला फोन करून झापला होता. रागाच्या भरात पिनकोडचं सगळं ऐकवलं: 15 ऑगस्ट, 1972, तू कुणाला शिकवतोस. तो शांतपणे ऐकत होता, मधे एकदा "कितीला सुरू झाले म्हणालात काका?" असंही विचारलं. मग नंबर ब्लॉक.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका मित्राने विचारणा केली, ही जोडी घेऊ का म्हणून. फोटो सतरा, तेच. तीच पट्टी, तोच पिन. खाली लिहिलंय, "मामांची जोडी, 1976 साल".