शोरूमचा बूट की इन्स्टावरचा?

सांगलीत विश्रामबागेत शोरूमचे दर ऐकून घाम फुटतो, तोच स्नीकर इन्स्टावरचा पोरगा बराच स्वस्त देतो. हा ग्रे मार्केटचा माल नकलीच असतो असं नाही. अस्सलच, पण कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याला वगळून आलेला. गोम अशी की त्याच वाटेने ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कलही घुसते. बुटाच्या जिभेमागच्या लेबलावरचा स्टाईल कोड खोक्याशी जुळवून बघा. जुळला तरी खात्री नाही, लेबलंही छापून मिळतात. शोरूममध्ये पक्कं बिल मिळतं; सोल उकलला तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हाताशी. इकडे फक्त यूपीआयची नोंद, आणि उद्या अकाउंटच गायब! सीमाशुल्क बुडवलेलं असेल तर ती स्वस्ताई सरकारी तिजोरीतून आलेली. जीएसटी बिल देणारा भेटला तर घेईन, नाहीतर सेल लागेपर्यंत जुनेच चालवेन.