कोल्हापूर–हैदराबाद विमान: दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो?

लेक हैदराबादला गच्चीबावलीत राहते, त्यामुळं या विमानानं माझं जाणं-येणं असतं. ‘किती वेळ लागतो ओ?’ असं ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहिते.

सरळ रेषेत अंतर साधारण ४४५ किमी. रस्त्यानं तेच साडेपाचशेच्या घरात जातं आणि बसमध्ये अख्खी रात्र मोडते. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपासची वेळ असते, पण मी मोजते ती घराच्या दारापासून. राजारामपुरीतून उजळाईवाडीचा विमानतळ अर्ध्या तासाच्या आत. तिथं दीड तास आधी पोचायचं. उतरल्यावर हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर बॅगांसाठी थोडं थांबणं, मग आउटर रिंग रोडनं पाऊण तास. सगळं धरून साडेचार तास. गुडघे दुखणाऱ्या बाईला हा फरक फार मोठा आहे.

विमान एटीआर, पंख्यांचं. ते बघून काहीजण घाबरतात, घाबरायचं काही कारण नाही. वेग ताशी पाचशे किमीच्या आसपास, जेटपेक्षा बराच कमी. पण एवढ्या अंतराला त्यानं वीसेक मिनिटंच जास्त जातात. दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट, मधे अडकून बसायची भानगड नाही. पंख वर छताला जोडलेले असल्यानं खाली मोकळं दिसतं. आधी उसाचा हिरवागार पट्टा, नदीची वळणं, मग जमीन हळूहळू कोरडी, काळपट होत जाते. नकाशावर रेघ ओढली तर ती विजापूरवरून जाते, म्हणून हवा स्वच्छ असली की मी गोलघुमट शोधत बसते! पंख्यांच्या जवळच्या रांगांत घरघर जास्त जाणवते. मागची सीट घ्या. दार मागंच असतं, उतरायलाही आधी मिळतं.

डोक्यावरचे कप्पे लहान आहेत, मोठी ट्रॉली तिथं बसत नाही. कांदा-लसूण चटणी आणि काकवी चेक-इनच्या बॅगेतच घाला, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

मुंबईसाठी मात्र मी विमानाचा एवढा आग्रह धरणार नाही. तिथलं अंतर जेमतेम ३०८ किमी, उड्डाण तासाभराचं; पण विमानतळावरचा वेळ आणि मुंबईतली गर्दी धरली की दिवसाचे चार-पाच तास जातातच. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सोडते, दिवस हातात राहतो. हैदराबादला तशी सोय नाही, म्हणून तिथं विमानाचे पैसे वसूल होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पाऊस आणि ढग बघता उशीर धरूनच चाला. हैदराबादहून पुढचं विमान असेल तर त्याच दिवसाचं काढू नका, आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा.