पोतं पन्नास किलोचं

आकडा आधीच सांगून टाकते: २३,६५० युरो. चौघांनी मिळून घालवले. आम्ही चौघंही नेदरलँड्समध्ये अगदी छोट्या प्रमाणावर चॉकलेट बनवतो, त्यात मराठी मी एकटीच. बोलणी मी केली होती, त्यामुळे शरमेचा मोठा वाटा माझ्याकडे.

मी झानडामला राहते. वारा फिरला की इथे भाजलेल्या कोकोचा वास घरात येतो. शेजारचं अ‍ॅमस्टरडॅम हे कोकोचं जगातलं सगळ्यात मोठं बंदर, आणि घानाचा माल तिथे पिढ्यान्‌पिढ्या उतरतोय. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला अकरा हजार डॉलरच्या वर गेला. वर्षभरापूर्वी तो तीन हजारांच्या आसपास होता. झाडांवर रोग, बिघडलेला पाऊस, शेतांत घुसलेल्या बेकायदा सोन्याच्या खाणी, सगळं एकदम आलं. मला दोन-दोन पोती देणारा व्यापारी फोन उचलेनासा झाला.

नेमक्या त्याच आठवड्यात घानातून मेल आला. सेफवी भागातल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, एक कंटेनर, साडेबारा टन, भाव ५,४०० युरो टन.

इतका स्वस्त कसा, हे मी विचारलं होतं. उत्तर असं आलं की मी विरघळलेच. सरकार शेतकऱ्याला बांधलेला भाव देतं. तो त्याच महिन्यात वाढवून टनाला ३३,१२० सेडी (हे घानाचं चलन) केलाय, म्हणजे डॉलरमध्ये कसाबसा अडीच हजार. मग तुम्ही आम्हाला दुप्पट दिलेत तर तुमचाही फायदा आणि आमचाही. यातला सरकारी भावाचा आकडा खरा होता. मी पडताळून पाहिला, आणि तिथेच फसले. एक गोष्ट खरी निघाली की माणूस पुढच्या चार तपासत नाही.

शिवाय मी यवतमाळची. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा तेव्हा, आमच्या गावातून रात्री गाड्या आंध्रच्या हद्दीत जायच्या, कारण पलीकडे भाव बरा आणि पैसे रोख. घानाचा कोकोही तेव्हा असाच टोगोत आणि आयव्हरी कोस्टमध्ये चोरून जात होता, हेही खरंच. त्यामुळे हा माणूस मला बाबांच्या बाजूचा वाटला. चौघांना साडेबारा टन कशाला हवा, असं कुणी विचारेल. उरलेला चढ्या भावात विकायचा बेत होता. शेतकऱ्याच्या कळवळ्याखाली हावही होतीच, ती मी झाकत नाही.

त्याने दोन किलोचा नमुना कुरिअरने पाठवला. मी शंभर बिया उभ्या चिरून पाहिल्या. आतून छान तपकिरी, जांभळट, म्हणजे नीट न आंबलेल्या, फार थोड्या, बुरशी नाही. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण भात चुलीवर आहे की नाही हे शितावरून कसं कळणार? व्हिडिओ कॉलवर गोदाम दाखवलं, तागाच्या पोत्यांची थप्पी, आणि एका पोत्यावर माझ्या ब्रँडचं नाव लिहिलेला कागद. नावात एक 'एच' जास्त होता. मला उलट कौतुक वाटलं.

तीस टक्के आगाऊ, म्हणजे २०,२५० युरो. खातं लिथुएनियातलं, नाव भलत्याच कंपनीचं. सेडी रोज घसरतो म्हणून युरोत खातं ठेवलंय, असं कारण दिलं. इथल्या बँका डच खात्याला पैसे पाठवताना नाव जुळतं का ते सांगतात. या खात्यासाठी 'नाव तपासता आलं नाही' अशी सूचना आली आणि मी 'पुढे चला' दाबलं. (९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ही पडताळणी बंधनकारक झालीय. मला उपयोग नाही, तुम्हाला आहे. नाव जुळत नाही असं आलं तर थांबा.)

मग घानाच्या टेमा बंदरात कंटेनर अडकला. कसल्याशा हमीपत्राचे ३,४०० युरो. तेही भरले. तिसऱ्यांदा ६,१०० मागितले तेव्हा मी कागद घेऊन बंदरातल्या एका गोदामवाल्या काकांकडे गेले. तीस वर्षं कोकोच उतरवून घेणारा माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीवर, बोट ठेवलं आणि म्हणाले, "अडीचशे पोती, पन्नास किलोची? घानाचं पोतं निव्वळ साडेबासष्ट किलोचं असतं. सोळा पोत्यांचा टन. साडेबारा टनाला दोनशे पोती हवीत."

मग त्यांनी विचारलं, "विकणारी कोको मार्केटिंग कंपनी नाही?" ही कोकोबोड या सरकारी मंडळाची कंपनी, आणि घानाच्या कच्च्या बिया परदेशात विकण्याचं काम तिचं. कुणीही उठून कंटेनर भरून पाठवू शकत नाही. शिआ बटर किंवा काजूची गोष्ट वेगळी, पण कच्चा कोको 'थेट शेतकऱ्याकडून' कुणी देऊ केला तर पहिला प्रश्न हाच विचारा. यवतमाळच्या मुलीला हे सुचायला हवं होतं. एकाधिकार म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

काकांनी कंटेनरचा नंबर जहाज कंपनीच्या मूळ वेबसाइटवर टाकला. तो कंटेनर खरा होता आणि त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात रिकामा पडला होता. आम्हाला पाठवलेल्या लिंकवर मात्र जहाज रोज थोडं थोडं अटलांटिकमधून पुढे सरकत होतं. ती लिंकही त्या ठगांचीच. जंगलतोडीविरुद्धच्या युरोपीय नियमासाठी म्हणून दिलेले शेतांचे दहा अक्षांश-रेखांश मी घरी येऊन नकाशावर टाकले. तीन शेतं घानातल्या व्होल्टा सरोवराच्या पाण्यात निघाली. हसावं की रडावं कळेना.

पोलिसांत तक्रार दिली. बँकेने लिथुएनियाच्या बँकेला कळवलं, पण खातं तोवर रिकामं झालं होतं. एका मैत्रिणीने विचारलं की आधी करायचं काय होतं. पैसे बँकेमार्फत कागदपत्रांच्या बदल्यात द्यायचे होते, आणि माल चढवताना तपासायला आपला माणूस उभा करायचा होता. खर्च झाला असता, पण बुडालेल्या रकमेपुढे तो किरकोळ.

मागच्या महिन्यात घानाच्या राजधानीतून, अक्राहून, एका 'वकिला'चं पत्र आलं. तुमच्यासारख्या अनेकांची रक्कम पकडली गेलीय, १,२०० युरो शुल्क भरा, तुमचा वाटा परत मिळेल. वरती सरकारी वाटावा असा शिक्का, भाषा कोर्टाची. मी क्षणभर बँकेचं अ‍ॅप उघडलंसुद्धा. मग पत्त्याकडे लक्ष गेलं. माझ्या ब्रँडच्या नावात तोच जास्तीचा 'एच' होता.