निकोटीन गम (2 एमजी, मिंट): चघळतो नवरा, रिव्ह्यू लिहितेय मी

आधीच सांगते, सिगरेट सुटावी म्हणून चघळतात तो हा गम मी एकदाही तोंडात टाकलेला नाहीये, सातवा महिना चालू आहे मला. पण गेल्या तीन महिन्यांत या गमवरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी बाळाच्या नावावरून पण नाही झाली, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क माझाच.

नवरा दिवसाला आठ-दहा सिगरेटी ओढायचा. घरात नाही हां, बाल्कनीत, दार लावून, आणि वर मलाच "तुला कुठे त्रास होतोय". स्लायडिंगच्या फटीतून वास यायचा तो यायचाच, आणि मला तेव्हा साधी फोडणी सहन होत नव्हती. चौथ्या महिन्यात तपासणीला गेलो तर मॅडमनी फाईल भरता भरता विचारलं, घरात कुणी सिगरेट ओढतं का? मी याच्याकडे बघितलं, हा फॅनकडे. मग मॅडमनी त्यालाच समोर बसवून सांगितलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, आणि बाळाला जे काय मिळायचं ते सगळं वारेतून (प्लॅसेंटातून) मिळतं, तिथेच कमी पडतं. आई स्वतः ओढत असेल तर बाळ सरासरी दीड-दोनशे ग्रॅम कमी भरतं, दिवस पूर्ण व्हायच्या आत डिलिव्हरी, वार आधीच सुटणं, गर्भपात, सगळ्याचा धोका वाढतो. आणि शेजारी बसून दुसऱ्याचा धूर घेतला तरी थोडा का होईना फरक पडतोच, कपड्यांना, पडद्यांना बसलेला वास पण काही निरुपद्रवी नाही. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. येताना मेडिकलमधून स्ट्रिप घेतली.

आता गमबद्दल. पहिला आठवडा शून्य मार्क, पण चूक गमची नाही, याची. साहेब च्युइंगगमसारखा कचाकचा चावायचे, तेही टपरीवर चहा पीत पीत. परिणाम काय तर घसा जळजळ, पोटात मळमळ आणि रात्रभर उचक्या. सासूबाई म्हणाल्या कोणतरी आठवण काढतंय. मी म्हणलं सिगरेट काढत असेल. मग मी पाकिटातला कागद काढून वाचला, जो कोणीच वाचत नाही. गम हळूहळू चावायचा, तिखटसर चव आली, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. निकोटीन तोंडातूनच रक्तात जायला पाहिजे, थुंकीबरोबर गिळलं की फुकट. आणि गमच्या 15 मिनिटं आधीपासून चहा, कॉफी, कोल्ड्रिंक बंद, नाहीतर तोंडात नीट शोषलंच जात नाही. चहा बंद म्हणल्यावर चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र खरंच काम झालं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर 4 एमजी घ्यायला सांगतात, याची पहिली ऑफिसला पोचल्यावर असायची म्हणून 2 वरच भागलं. सुरुवातीला तलफ यायच्या आधीच दर दीड-दोन तासाला एक, दीड महिन्यानंतर अंतर वाढवत जायचं, साधारण 12 आठवड्यांचा कोर्स. आता दिवसाला दोनवर आलाय. मधे लग्नात एकदा घसरला, दोन ओढल्या, शर्टाच्या वासावरून कळलं मला, गरोदरपणात नाक श्वानपथकाचं होतं. सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणारा 1800-11-2356 नंबर त्याने त्यानंतर लावला, फुकट आहे, मराठीत बोलतात, लेक्चर न देता. गम अधिक फोन हे कॉम्बिनेशन एकट्या गमपेक्षा भारी वाटलं.

बायकांनो, हा भाग नीट वाचा. गममध्ये धूर नाही, टार नाही, पण निकोटीन आहेच, त्यामुळे पोटात बाळ असताना स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टर सांगतील तरच.

आणि मशेरी! डोहाळजेवणाला नणंद आली, तिला पाचवा, आणि सकाळी बघते तर डबीतून बोटावर काळी पूड घेऊन दातांना लावतेय. म्हणे हे काय व्यसन आहे का, दात घासते. अहो तंबाखूच भाजलाय ना तव्यावर! मुंबईत 1217 गरोदर बायकांवर अभ्यास झाला होता, 2004 ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये बहुतेक मशेरीवाल्याच, आणि त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅम कमी वजनाची, जन्म पण लवकर. धूर नाही, काही नाही, तरी. नवऱ्याला मी बाल्कनीवरून एवढं बोलले आणि घरच्या बाथरूममधल्या डबीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. नणंदेने डबी अजून टाकलेली नाही, पण दिवसातून चारदाची एकदा झालीय असं फोनवर सांगते, खरंखोटं देव जाणे, तिच्या मॅडमना सांगायचं मात्र कबूल केलंय.

बाकी गमचं म्हणाल तर मिंट बरा, दालचिनी याला झेपला नाही. जबडा दुखतो पहिले काही दिवस. पैसे सुरुवातीला सिगरेटएवढेच जातात, स्वस्त पडेल या आशेने घेऊ नका. पाचपैकी चार. एक स्टार पॅकिंगचा कापला, ती स्ट्रिप नखाने फाटतच नाही, तलफ आलेला माणूस कात्री शोधत घरभर फिरतो आणि मग माझ्यावर ओरडतो.