खचलेल्या मनासाठी अभिवचनांची पेटी : एक परीक्षण

मराठी ख्रिस्ती घरांत टीव्हीशेजारी किंवा शोकेसमध्ये हमखास दिसणारी अभिवचनांची पेटी, जिला बहुतेक जण प्रॉमिस बॉक्सच म्हणतात, मी गेल्या नाताळाच्या सुमारास चर्चबाहेर मांडलेल्या पुस्तकांच्या टेबलावरून घेतली आणि तेव्हापासून ती आमच्या घरी रोज वापरात आहे. पावाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डब्यात रंगीत कार्डे उभी लावलेली असून प्रत्येकावर पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) एक वचन छापलेले आहे. सकाळच्या प्रार्थनेनंतर प्रत्येकाने एक कार्ड काढावे, मोठ्याने वाचावे आणि पुन्हा मागे खोचून ठेवावे, अशी ही साधी रीत आहे. रोज एका वचनाची कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने ती १७२८ मध्ये सुरू केली आणि १७३१ पासून तेथे वर्षभराची वचने छापली जाऊ लागली. कार्डांचा कागद जाड आहे, अक्षर वयस्कर माणसांनाही वाचता येईल इतके ठळक आहे आणि झाकण थोडे सैल असले तरी किमतीच्या मानाने तक्रार करण्यासारखे काही नाही.

खरा प्रश्न निराळा आहे. ही पेटी बहुधा आजारी, बेकार झालेल्या किंवा दुःखात असलेल्या माणसाला भेट म्हणून दिली जाते, आणि त्या कसोटीवर ती अर्धीच उतरते. आमचे दाजी कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसले होते, तेव्हा त्यांच्या हाती फिलिप्पैकरांस पत्रातील ‘मी सर्व काही करू शकतो’ या आशयाचे कार्ड आले. त्यांनी ते वाचून टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाले, “सगळं करू शकतो म्हणे, इथे एक मुलाखत जमत नाही.” सुदैवाने कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात अध्याय आणि ओवी दिलेली होती. शास्त्र उघडून चौथा अध्याय वाचला, तेव्हा प्रेषित पौल हे पत्र बंधनात असताना लिहीत होता आणि त्याच्या आधीच्याच ओवीत भरल्या पोटी तसेच उपाशी राहण्याचे रहस्य आपण शिकलो आहोत असे सांगत होता, हे ध्यानात आले. यशाच्या घोषणेसारखे वाटलेले वाक्य उपासमार सोसलेल्या माणसाचे होते, आणि दाजींना तेच अधिक जवळचे वाटले.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९व्या अध्यायाच्या ११व्या ओवीचेही असेच होते; देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, तो तुम्हाला आशा देईल, असा तिचा आशय आहे. हे कार्ड ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन म्हणून निघाले, की लोक हरखून जातात. मात्र बाबेलात बंदिवान असलेल्या यहूद्यांना यिर्मयाने लिहिलेल्या त्या पत्रात आदल्याच ओवीत सत्तर वर्षे थांबण्याची गोष्ट आहे, आणि तोवर घरे बांधा, मळे लावा असा सल्ला त्याहून आधी दिलेला आहे. इतका लांबचा धीर कार्डावर मावत नाही, हे मान्य. पण तो वगळला की आशेचे लॉटरीचे तिकीट होते.

पंडिता रमाबाईंनी आई-वडील, भाऊ, पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा यांचे मृत्यू सोसले आणि तरीही शास्त्राचा मराठी अनुवाद पूर्ण केला, जो त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापला गेला. अनुवाद करणाऱ्याला नकोशी वचने गाळता येत नाहीत. त्यांच्या लेखणीखालून विलापगीत हे शास्त्रातील शोकाचे पुस्तकही गेले असणार.

या पेटीत एलीयाची गोष्ट नाही, याचे मला विशेष वाईट वाटते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात हा थोर संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश न करता निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. मन खचलेल्या माणसाला आधी जेवण, झोप आणि गरज असल्यास डॉक्टर मिळवून देणे विश्वासाच्या विरुद्ध आहे असे समजणाऱ्या आपल्यातील काही मंडळींनी हा अध्याय सावकाश वाचावा. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर कार्डावर विसंबू नये.

तरीही मी ही पेटी घ्यावी असेच सांगेन, कारण ज्याला अख्खा अध्याय वाचण्याचे बळ नसते त्याला एक ओळ वाचता येते. घेताना प्रत्येक कार्डावर संदर्भ छापला आहे ना, एवढे पाहून घ्यावे. नुसतीच वचने असलेली स्वस्त पेटी घेऊ नये. प्रकाशकांनी पुढील आवृत्तीत स्तोत्रसंहितेतील दुःखाची स्तोत्रे १३, ४२ आणि अंधारातच संपणारे ८८ यांचीही कार्डे घालावीत. येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्रातील ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ ही आक्रोशाची ओवी उच्चारली होती, तेव्हा तीही पेटीत असायला हरकत नसावी. तोपर्यंत आम्ही कोऱ्या पुठ्ठ्याची कार्डे कापून ती वचने हाताने लिहून मधे मधे खोचली आहेत.